बाणाच्या डावीकडे

तुझा फोन आला तेव्हा रामबागेत साडेबारा,
तिकडे दहा.
माझा शुक्रवार संपला होता,
तुझा अजून दोन तास शिल्लक.
एवढ्या वर्षांत प्रथमच
आपण वेगवेगळ्या वारी बोलत होतो.

"अहो, खोली विमानवाल्यांनीच दिलीय," तू म्हणालीस,
"पुढचं उद्या दुपारी.
गालिचा आहे. किटली आहे, गाळणं नाही.
खिडकीतून इस्तंबूल काही दिसत नाही,
मोटारी लावायची जागा दिसते
आणि तिथे एक मांजर, भिजलेलं."
मोठी बॅग परस्पर पुढे, हॅलिफॅक्सला.
"दिल्लीत चहा सांडला ना,
नेसती साडी धुवून दांडीवर टाकलीय.
आता परकर आणि स्वेटर. हसू नका."
मी हसलो नाही.
म्हणजे, आवाज होऊ दिला नाही.

मग तू विचारलंस,
"छतावर एक बाण चिकटवलाय, हिरवा.
आग लागली तर पळायचा का?"
म्हटलं, नाही, तो मक्केचा.
थोडा वेळ नुसती खरखर.
"आणि इंदूर?"

एकतीस वर्षं वीज मंडळात खांब मोजले,
कुठली तार कुठून कुठे जाते ते तोंडपाठ;
हे कोणी विचारलं नव्हतं.
कपाटावरचा नातवाचा शाळेतला नकाशा काढला,
बाहीने धूळ पुसली, फूटपट्टी ठेवली.
तू तिकडे थांबलेली, मान वर करून.
"बाणाकडे तोंड करून उभी राहा," म्हटलं,
"आता डावीकडे वळ. अजून थोडी. बस्स."
"म्हणजे इस्त्रीचा फळा आहे तिथे."
"हो. तिथेच."
"बरं. तिकडे पाय करत नाही."

दिवा घालवायला गेलो
तर खिळ्याला किल्ली.
पितळेची, लाल दोरा, गाठ तुझ्याच हातची.
मोठ्या बॅगेच्या कुलपाची.
आत दोन किलो लवंगेची शेव
आणि तुझ्या आईची सहाण,
जी प्रमीने एकोणीस वर्षं मागितली
आणि तू एकोणीस वर्षं दिली नाहीस.
फोन उचलला.
ठेवला.
रात्रभर तरी निजू दे.

माझी झोप गेलीच होती.
मफलर गुंडाळला, किल्ली खिशात टाकली, सराफ्यात गेलो.
घरात नको म्हणायला कोणी नव्हतं,
त्यामुळे जाण्यात फारशी मजाही नव्हती.
गराडू घेतला. "जीरावन जादा, भिया?"
"जादा."
सोन्याचांदीच्या बंद दुकानांच्या पायऱ्यांवर
लोक निवांत खात होते,
कुणालाच सकाळी कुठे जायचं नसल्यासारखे.
द्रोण हातात धरून मी उगाच हिशेब केला:
राजवाड्याकडे पाठ, किंचित उजवीकडे.
तिथे एक शटर होतं, निळं,
खाली कुणीतरी पाण्याची बादली ठेवलेली.
त्या शटरकडे बघत खाल्लं सगळं.
परतताना थंडी वाजली,
किल्ली मुठीत धरून चाललो.

सकाळी नऊला तू.
"साडी वाळली नव्हती. इस्त्री फिरवून वाळवली,
तुमच्या त्या फळ्यावर."
मग जरा थांबून,
"एक सांगू? चिडू नका.
बॅगेची किल्ली घरीच राहिली, खिळ्याला.
दिल्लीतच लक्षात आलं होतं.
काल बोलले नाही, म्हटलं
उगाच तुमची झोप जाईल."

खिशात हात घातला.
तिथेच होती, अंगाइतकी गरम.
"असू दे," म्हटलं, "प्रमीकडे हातोडी असेल."
"असेल. हातोडीने सहाण नाही ना फुटणार?"
"कुलूप फोडायचंय. सहाण नाही."
"रात्री सराफ्यात गेला होतात का?"
"छे."
"आवाज तिखट येतोय."

मी विचारलं,
ते मांजर गेलं का?